उशाशी सोडलेला चौकोन

बीरगांव, रायपूर
४ नोव्हेंबर २०२४

नाही येत मी. किती डाव सांगू वं तुले, पूर्णिमाबाई? फोनवर तू ओरडून ओरडून विचारलं, मी आपली हव-हव म्हणत गेली, आन् तू समजली का वयनी येते म्हणून. मले फोनात नुसती भुणभुण येते, माशी कानात शिरल्यावानी. मागून निरंजनले विचारलं तवा त्यानं सांगितलं का आत्या तुले समुद्रावर बोलावून राहिली. म्हणून हा कागद घेतला. गावच्या शाळेत चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये. मास्तरीणबाईनं लाल पेन काढू नये.

तू म्हणते, दादाची राख नव्हती, महादेव घाटावर नुसती पळसाची पानं जाळली, त्याच्या जिवाले शांती नसन, तवा आपण दोघी मिळून समुद्रात तिळाचं पाणी सोडू. कायले वं? जे केलं ते केलं. सदर बाजारातून सायकलची ट्यूब आणतो म्हणून गेलेला माणूस. आठ साल वाट पाह्यली. आठ सालात ट्यूब भेटली नसन का त्याले? मंगच पंडितजीनं पानाचा माणूस केला, त्याले तुह्या भावाचं धोतर नेसवलं, आन् निरंजननं आग लावली. ऑफिसातही मेल्याचा कागद झाला, बापाच्या जागी पोट्टा लागला. झालं. मेलेल्याले किती डाव मारावं?

तुले आठवते का, पंडितजी तवा काय म्हणले होते? असा पुतळा जाळलेला माणूस कधी परत आलाच, तं त्याले घरात घेता येत नाही. पहिले तुपानं न्हाऊ घाला, पाळण्यात निजवा, नवीन नाव ठेवा, बायकोसंग पुन्हा लगन लावा. मी घाटावरच हासली होती. तू मले चिमटा काढला, त्याचा वण अजून हाये. साठ सालाचा मिशीवाला पोट्टा पाळण्यात! झोका कोण देणार होतं, तू?

बरं, मी येत नाही, पण तू तुह्या दीवचं लिव. तिथं म्हणे ताडाच्या झाडाले फांद्या असतात? मी कॅलेंडरात पाह्यलं होतं. ते झाडं कोणत्या बीचवर हायेत, तिथं कोण कोण बसते, सगळं लिव. मले काम नाही. सोनिया सून चांगली हाये, मले काही करू देत नाही, हेच वाईट.

तुही वयनी
मीराबाई


दीव
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. लाल पेन काढलं नाही. रिटायर झाल्यावर ते पेनच फेकून दिलं.

तुम्ही विचारलंत, त्यात मला तुमचं येणं दिसतं. ज्याला यायचं नसतं तो झाडांबद्दल विचारत नाही.

तर ऐका. बेट लहान आहे. एका टोकाला दीव गाव, दुसऱ्या टोकाला वणाकबारा, मध्ये फुदमसारखी खेडी. दीवमध्ये किल्ला आहे, त्याच्या तीन बाजूंना समुद्र. पोर्तुगीज इथे चारशेच्या वर वर्षं होते. एकसष्टच्या डिसेंबरात गेले. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना अजून त्यांच्या शाळेत शिकवलेली प्रार्थना येते, अर्थ येत नाही. मोठमोठी चर्चं आहेत, आणि प्रार्थनेला माणसं थोडी. ओस पडलेलं एवढं सुंदर असतं हे मला इथे कळलं. फुदमला समुद्राच्या काठी खडकात महादेवाच्या पाच पिंडी आहेत. भरती आली की लाट येऊन त्यांना अंघोळ घालून जाते. पुजारी नसला तरी चालतं.

बीच म्हणाल तर घराजवळ जालंधर, पलीकडे चक्रतीर्थ, पूल ओलांडला की घोघला. सगळ्यात गर्दी नागव्याला. घोड्याच्या नालासारखा आहे तो. गुजरातची माणसं बाटलीसाठी येतात आणि समुद्र फुकटात बघून जातात. वणाकबाऱ्याकडे गोमतीमाता म्हणून एक आहे, तिथे कुणीच नसतं. तुमची फांद्यांची झाडं नागव्याच्या बाजूला. त्यांना होका म्हणतात. खरंच एका खोडाचे दोन होतात, दोनाचे चार.

श्रावणी लेक माझी, पण सकाळी बँकेत जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही. वहिनी, खरं सांगू? दादाला जाऊन सोळा वर्षं झाली. आपण त्याचं सगळं केलं. पण अजून कुठे उंच, जरा वाकलेला माणूस पाठमोरा दिसला की मी पुढे जाऊन त्याचं तोंड बघते. परवा एका गुजराती शेठनी विचारलं, बेन, काय हरवलं का? म्हणून म्हणते, या. एकदा त्याला पाणी देऊ. म्हणजे मी तोंडं बघणं बंद करीन.

तुमची
पूर्णिमा


बीरगांव
३ डिसेंबर २०२४

पूर्णिमाबाई,

परक्या माणसाइचे तोंडं पाहत फिरते काय वं ह्या वयात! जावयाले सांगू का, सासूवर नजर ठेवा म्हणून? तुही मराठी तं अशी इस्त्री केल्यावानी हाये का मले वाचताना पदर सारखा करा लागला.

माहं ऐक. तू एक दिवस त्या फांदीवाल्या झाडाखाली जाऊन बस. मी येणार नाही, तू माह्या नावानं बसून ये. गुडघे दुखतात म्हणू नको, रिक्षा कर. चांगली घडीभर बस. बसायले तिथं काय असते ते पाह्य. कोण काय इकते, कोण कुठचं हाये, ते पाह्य. आन् निरंजनसंग फोनवर ह्या चिठ्ठ्याइचं बोलू नको. त्याले वाटन आई म्हातारी झाली, काहीही लिवते.

इकडं तेच. उरला गावातल्या कारखान्याचा काळा भुकटा वाळू घातलेल्या पापडावर पडते, सोनिया म्हणते, "मम्मीजी, बाजार से ले आते हैं ना, आप क्यों करती हो." नातीले मी मराठीत बोलावलं तं ते हिंदीत येते. तुह्या भावानं विणलेली बाज अजून हाये, मी तिच्यावरच निजते. दोऱ्या ढिल्या झाल्या, मधात खड्डा पडला. ओढून ताणणारं कोणी नाही. निरंजन म्हणते पलंग घेऊ. मी म्हणते माह्या मागून घे, माह्याच तेराव्याले कामी येईन.

पाऱ्यातल्या, आपल्या गल्लीतल्या बाया म्हणतात, मीराबाई किती हासते, हिले काही दुःखच नाही. पूर्णिमा, मले किती सालापासून खाल्ल्याची चव लागत नाही. मीठ जास्त झालं का कमी, ते मी दुसऱ्याचं तोंड पाहून सांगते. हे तुलेच लिवलं.

जाऊन बस बरं का.

मीराबाई


दीव
२४ डिसेंबर २०२४

प्रिय वहिनी,

गेले. तुमच्या नावानं बसून आले. आणि आल्यापासून रडते आहे.

नागव्याला होकाच्या झाडाखाली जीवीबेन नावाच्या बाईची नारळपाण्याची टपरी आहे. तिच्यापुढे गिऱ्हाइकांना बसायला सहा-सात बाजा टाकलेल्या. इथे खाटला म्हणतात. मी एकीवर बसले, हात टेकायला मागे नेला, तर हात आरपार गेला. उशाशी चौकोन सोडलेला होता! वहिनी, आठवतं ना? आमचे बाबा असेच विणायचे. उशाशी वीतभर चौकोन मोकळा ठेवायचा, पाण्याचा तांब्या त्यात बसतो, कलंडत नाही. दादाला त्यांनीच शिकवलं. मला वाटायचं ही फक्त आमच्या घरची वीण. सगळ्या बाजा बघितल्या. सगळ्यांना चौकोन.

मी वेड्यासारखी त्या चौकोनातून खालची वाळू बघत बसले. तेवढ्यात एक म्हातारा आला. डोक्यातोंडाला गमछा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. हातात पाण्याचा डबा. तो त्यानं माझ्या उशाशी त्या चौकोनात बसवला आणि न बोलता गेला. खोकत होता. मी भैया म्हणून हाक मारली, तो थांबला नाही. जीवीबेन म्हणाली, हाच विणतो खाटले, फारसं कुणाशी बोलत नाही.

म्हणजे इकडचे लोकही अशीच विणत असतील. आपल्याला उगाच वाटतं, आपलं दुःख आपल्या एकट्याच्या घरचं आहे. तरी मी पुढच्या आठवड्यात जाऊन त्याला विचारणार आहे, ही वीण कुणाकडून शिकलात म्हणून. हिंदी तर येतच असेल.

पूर्णिमा


बीरगांव
२ जानेवारी २०२५

पूर्णिमाबाई,

विचारू नको.

मी सांगते म्हणून विचारू नको. बाजेले चौकोन सोडणारे गावोगाव पडले हायेत. माह्या माहेरीही सोडत. तू तिथं जाऊन गरीब माणसाले खोदून खोदून विचारशीन, त्याले वाटन बाई चोरीचा आळ घेते. तुले सवय हाये, शाळेत पोट्ट्याले उभं करून विचारायची. थंडीचे दिवस हायेत, तुह्या गुडघ्याले समुद्राचा वारा चांगला नाही. संक्रांत होऊ दे. घरीच राह्य.

पण संक्रांत झाल्यावर जाशीन तं एक काम कर. ह्याच्यासंग मफलर पाठवून राहिली. मीच विणलं. एका बाजूनं वाकडं झालं हाये, हासू नको. ते त्या बुढ्याले दे. खोकते म्हणून लिवलं ना तू. कोणी दिलं ते सांगू नको. रायपूरचं नाव काढू नको. नुसतं दे आन् ये.

खोकला कोरडा हाये का कफाचा? पायात चप्पल होती का? सहज विचारलं.

मीराबाई


दीव
५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुमचं पार्सल सोळा तारखेला मिळालं. माझा गुडघा सुजला होता, जायला महिनाअखेर झाली. तुमचं ऐकलं. संक्रांत होऊ दिली.

तो गेला. तेरा जानेवारीला, इथल्या पतंगांच्या सणाच्या आदल्या दिवशी. छातीत कफ भरला होता. वणाकबाऱ्याच्या कोळ्यांनी त्याला जाळलं आणि राख समुद्रात सोडली. जीवीबेननं खर्च विचारू दिला नाही. म्हणाली, काका अमारा हता, आमचेच होते.

मी मफलर हातात घेऊन उभी होते. तिनं टपरीच्या मागून एक पत्र्याची पेटी आणून दिली. म्हणाली, तमे एनी बेन छो ने? तुम्ही त्याची बहीण ना? मी म्हटलं, नाही हो. तेव्हा तिनं सांगितलं. डिसेंबरात मी बसून गेले त्या दिवशी, मी गेल्यावर तो येऊन त्याच बाजेवर बसला. अख्खी दुपार बसला. तिला विचारलं, ती बाई रिक्षात नीट चढली का? लंगडते का? मग म्हणाला, लहान होती, म्हातारी झाली.

पेटीत ऑफिसचं जुनं ओळखपत्र आहे. शंकर मोहोड. फोटोत मिशा आहेत.

वहिनी, मी दोन वर्षं त्याच्यापासून दोन कोसांवर राहिले. सोळा वर्षं परक्यांची तोंडं बघितली आणि ज्यानं माझ्या उशाशी पाणी ठेवलं त्याचं तोंड बघितलं नाही. कारण आपण त्याला जाळलं होतं. माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिळाचं पाणी सोडलं. एकटीनं.

आता दोन गोष्टी विचारते, आणि ह्या वेळी विचारू नको म्हणू नका. पेटीत एक गमछा आहे, त्याच्या टोकाला गाठ, गाठीत मूठ-दोन मूठ धान. न कांडलेलं, किडे लागलेलं. इथे धान पिकत नाही. जीवीबेन म्हणते, आला तेव्हापासून ही गाठ त्याच्यापाशी होती. उपाशी राहिला तरी सोडली नाही. कुणाचं विचारलं तर म्हणायचा, घरचं आहे. आठ वर्षांमागे आला तो इथे. घर सोडून तर त्याला सोळा वर्षं झाली. मग हे धान कुठलं?

आणि दुसरं. फांद्यांची झाडं तुम्ही कॅलेंडरात कधी पाहिलीत?

पूर्णिमा


बीरगांव
१६ फेब्रुवारी २०२५

पूर्णिमा,

काढ लाल पेन.

कॅलेंडर नव्हतं. कार्ड आलं होतं त्याचं. सतराच्या मे महिन्यात, पोस्टाचं साधं कार्ड. निरंजन ड्युटीवर, माह्याच हातात पडलं. चार ओळी होत्या, मले पाठ हायेत. "इथं ताडाले फांद्या आहेत. बाजा विणतो, खायले मिळते. तू म्हणशीन तवा येतो. पाळण्यात घालायचं तं घाल, मी निजीन." म्हणजे त्यालेही ठाऊक होतं, जाळलेल्या माणसाले काय करा लागते ते. मी कार्ड गॅसवर धरलं. खाली पत्ता होता, तो पाठ केला आन् मंग धरलं.

आता धानाचं. त्याच सालच्या जानेवारीत. छेरछेराचा दिवस होता. तुमच्याकडं नसते हे, म्हणून सांगते. पौषाच्या पुनवेले इकडं पाऱ्यातले पोट्टे दारोदार धान मागत फिरतात, आन् त्या दिवशी दारातून कोणाले रिकामं धाडत नाहीत. मी सूप घेऊन उंबऱ्यात बसली होती. उन्हं चांगले वर आले होते. निरंजन सदर बाजारात बूट घ्याले गेला होता, सोमवारी त्याले बापाच्या जागी जॉईन व्हायचं होतं. पोट्टे आले, घेऊन गेले. त्याइच्या मागं एक माणूस उभा होता. डोक्याले गमछा.

तो म्हणला, "मीरा."

मले ओळखायले पळभर नाही लागला. सोळा सालानं लागला असता का कोण जाणे, आठ सालानं नाही लागला.

तो म्हणला, "येऊ का आत?"

समोरच्या दारात कांताबाई सूप घेऊन बसली होती, माह्याचकडं पाहत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "घे बाबा, आन् पुढं हो." मले वाटलं भांडन, ओरडन, माहं घर हाये म्हणन. त्यानं डोक्याचा गमछा सोडला आन् दोन्ही हातानं माह्यापुढं पसरला. मी सुपातलं धान टाकलं. एक मूठ, मंग दुसरी. त्यानं गाठ बांधली. हळूच म्हणला, "निरंजन?" मी म्हटलं, "सोमवारी लागते." तो म्हणला, "बरं झालं." आन् पोट्ट्याइच्या मागं मागं पुढच्या दारी गेला. जसा मागणाराच हाये. कांताबाईनंही त्याले दिलं.

अनवाणी होता. म्हणून तुले चपलेचं विचारलं.

ह्या साली छेरछेरा तेरा जानेवारीले होता. तो तिकडं जीव सोडून राहिला होता, आन् मी इकडं उंबऱ्यात बसून पोट्ट्याइले धान वाटून राहिली होती. एकाले दोन मुठी जास्त दिल्या, त्यानं चांगलं नाचून दाखवलं म्हणून. हासली पण.

तुही डिसेंबरची चिठ्ठी वाचली तवा तो जिता होता. बाजेचा चौकोन वाचल्याबरोबर मी समजली. "विचार, तुहाच भाऊ हाये" एवढं लिवायचं होतं. मी मफलर विणत बसली. तुले वाटत असन, वयनी पोराच्या नोकरीसाठी भेली. मीही मनाले आठ साल हेच सांगितलं, का नोकरी जाईन, लोकं हासतील, केस होईन.

खोटं हाये ते. निरंजन केव्हाचा पक्का झाला. कोणी इचारणारं नव्हतं. नुसतं एक कार्ड टाकायचं होतं.

तुले ठाऊक नाही, तो जायच्या आधी आमच्या घरात काय होतं. मारलं नाही त्यानं कधी, दारू पेला नाही. बोलत नव्हता. सालोसाल. ऑफिसातून याचा, बाजेवर बसाचा, भिंतीकडं तोंड. मी ताट ठेवलं तं जेवाचा, नाही ठेवलं तं मागत नव्हता. मी गंमत केली तं पाहतही नव्हता. मले वाटे, मीच मेली आन् मले कोणी सांगितलं नाही. तो ट्यूब आणाले गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारीण काही बोलली आन् मी खदखदून हासली. पोटात दुखेस्तोवर. लगन झाल्यापासून पहिल्यांदा. मले शरम वाटली, पण मंग थांबताच नाही आलं.

त्या दिवशी दारात तो "येऊ का आत" म्हणला, तवा मले नोकरी आठवली नाही, कांताबाई आठवली नाही. भिंत आठवली.

पेटी तुह्यापाशीच ठेव. धान कबुतराले टाकू नको.

मले तो नको होता, पूर्णिमा.